कॉर्टिसॉल, टी-पेशी आणि एक घाईचा बाण : अ‍ॅड्रिनल कर्करोगावरचा एक पेपर नीट वाचूया



पीएच.डी.च्या मुलाखतीत हमखास विचारला जाणारा एक प्रश्न आहे : "तुमच्या विषयातला एक पेपर सांगा आणि त्यातल्या मर्यादा सांगा." यावर दहापैकी आठ जण म्हणतात, "सर, सॅम्पल साइज कमी आहे." उत्तर चुकीचं नसतं, पण त्यातून काहीच कळत नाही. सॅम्पल नेहमीच कमी असतं. ते कमी असल्यामुळे नेमका कोणता निष्कर्ष डळमळतो आणि कोणता टिकतो, हे सांगता आलं तर तुम्ही पेपर वाचलाय असं म्हणता येईल.

म्हणून आज एकच पेपर घेऊ आणि त्याची चिकित्सा करू. विषय आहे अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या कर्करोगात हार्मोन आणि रोगप्रतिकार यंत्रणा एकमेकांशी कशा वागतात हा. पेपर २०२० सालचा आहे, जर्मनीतल्या वुर्ट्सबर्गच्या गटाचा. पहिल्या लेखिका लांडवेअर. 'जर्नल फॉर इम्युनोथेरपी ऑफ कॅन्सर'मध्ये तो प्रसिद्ध झाला. पेपर चांगला आहे म्हणूनच निवडलाय. वाईट पेपरमधल्या चुका कुणालाही दिसतात. चांगल्या पेपरमध्ये पुरावा कुठे संपतो आणि अंदाज कुठे सुरू होतो, ते शोधायला डोकं लागतं.

आधी थोडी पार्श्वभूमी

अ‍ॅड्रिनल ग्रंथी, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातल्या अधिवृक्क ग्रंथी, दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या असतात. त्यांच्या बाहेरच्या भागाला कॉर्टेक्स म्हणतात आणि त्यात तीन थर असतात. सर्वांत वरचा थर अल्डोस्टेरॉन बनवतो, मधला कॉर्टिसॉल आणि आतला अँड्रोजेन गटातली हार्मोन्स. या कॉर्टेक्समध्ये होणारा कर्करोग म्हणजे अ‍ॅड्रिनोकॉर्टिकल कार्सिनोमा. आपण त्याला सोयीसाठी 'एसीसी' म्हणू. हा फार दुर्मीळ आजार आहे : वर्षाला दहा लाख लोकांमागे साधारण ०.७ ते २ रुग्ण. बायकांमध्ये तो पुरुषांपेक्षा जास्त दिसतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

या ट्यूमरचं एक वैशिष्ट्य आहे. त्याच्या पेशी मूळच्या हार्मोन बनवणाऱ्या, त्यामुळे कर्करोग झाल्यावरही अनेकदा त्या हार्मोन बनवत राहतात, फक्त आता लगाम नसतो. सुमारे ६० टक्के रुग्णांमध्ये कॉर्टिसॉलसारख्या ग्लुकोकॉर्टिकॉइडचा अतिरेक आढळतो, आणि अशा रुग्णांचं पुढचं आयुष्य तुलनेने कमी असतं.

आता कॉर्टिसॉल रोगप्रतिकारशक्ती दाबतं, हे काही नवं ज्ञान नाही. १९४८ मध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिलं आणि सांध्यांची आग शमली. १९५० मध्ये त्यांना केंडल आणि राइखश्टाइन यांच्यासोबत नोबेल मिळालं. आजही दम्यापासून अवयव प्रत्यारोपणापर्यंत स्टेरॉइड वापरतात ते याच गुणासाठी. हे हार्मोन पेशीत शिरून ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरला चिकटतं, रिसेप्टर केंद्रकात जातो आणि दाह वाढवणारी जनुकं शांत करतो. टी-पेशींची वाढ मंदावते, काही मरतातही.

दुसरीकडे, गेल्या दशकात इम्युनोथेरपी आली. चेकपॉइंट इनहिबिटर नावाची औषधं टी-पेशींवरचा ब्रेक काढतात. मेलानोमासारख्या कर्करोगात त्यांनी खूप फरक पाडला. एसीसीत मात्र निकाल फिके आणि एकमेकांशी न जुळणारे आले.

हे दोन धागे शेजारी ठेवले की मनात लगेच एक गोष्ट तयार होते : ट्यूमर स्वतःच कॉर्टिसॉल बनवतोय, कॉर्टिसॉल टी-पेशी दाबतंय, म्हणून इम्युनोथेरपी चालत नाही. इतकी सुबक गोष्ट की विश्वास ठेवावासा वाटतो. आणि म्हणूनच ती तपासायला हवी.

पेपरमध्ये काय केलंय?

संशोधकांनी एसीसीचे १४६ ऊती-नमुने घेतले. त्यातले १०७ मूळ ट्यूमरचे, १६ त्याच जागी परत आलेल्या ट्यूमरचे आणि २३ इतरत्र पसरलेल्या ट्यूमरचे. इम्युनोफ्लुओरेसन्सने, म्हणजे चमकणाऱ्या अँटिबॉडी वापरून, त्यात टी-पेशी मोजल्या : एकूण टी-पेशी, मदतनीस (सीडी४), मारक (सीडी८) आणि नियंत्रक टी-पेशी. मग हे आकडे रुग्णांच्या वैद्यकीय माहितीशी जोडून पाहिले.

मुख्य निष्कर्ष असे :

- ८६.३ टक्के नमुन्यांत टी-पेशी सापडल्या. पण संख्या कमी, सूक्ष्मदर्शकाच्या एका क्षेत्रात सरासरी ७.७.
- टी-पेशी असलेल्या रुग्णांचा मृत्यूचा धोका कमी होता (हॅझार्ड रेशो ०.४७, ९५ टक्के विश्वास-अंतराल ०.२५ ते ०.८७).
- मदतनीस टी-पेशी आणि ग्लुकोकॉर्टिकॉइडचा अतिरेक यांचं नातं उलटं होतं (फाय = −०.२९०, पी = ०.००९).
- अतिरेक आहे आणि टी-पेशी कमी, अशा रुग्णांचं आयुर्मान २७ महिने. अतिरेक नाही आणि टी-पेशी आहेत, अशांचं १२१ महिने.

आणि शेवटचं वाक्य साधारण असं की एसीसीत चेकपॉइंट औषधांनी रोगप्रतिकारशक्ती जागी करायची असेल, तर स्टेरॉइड निर्मिती रोखणं कळीचं ठरू शकतं, आणि हे पुढच्या अभ्यासांत तपासायला हवं.

आधी श्रेय देऊ. वर्षाला दहा लाखांत एक-दोन रुग्ण असलेल्या आजारात १४६ नमुने जमवणं हे अनेक वर्षांच्या चिकाटीचं काम आहे. अमेरिकेच्या टीसीजीए प्रकल्पात, ज्याचा डेटा सगळं जग वापरतं, एसीसीचे ९१ ट्यूमर होते. शिवाय न पसरलेल्या ट्यूमरमध्ये टी-पेशींचा फायदा हा ट्यूमरची अवस्था, शस्त्रक्रिया किती पूर्ण झाली आणि पेशी किती वेगाने विभागतात, या तिन्ही गोष्टी हिशोबात धरूनही टिकला. म्हणजे "टी-पेशी असणं चांगलं" हा भाग भक्कम आहे. प्रश्न दुसऱ्या भागाचा आहे : टी-पेशी नसण्याचं कारण कॉर्टिसॉल आहे का?

पहिला प्रश्न : आकडा किती मोठा आहे?

पी-व्हॅल्यू ०.००९ बघितली की आपण खूश होतो. पण पी-व्हॅल्यू नातं किती घट्ट आहे ते सांगत नाही. त्यासाठी फाय बघायचा. फाय हा 'हो किंवा नाही' अशा दोन गोष्टींमधला सहसंबंध असतो. −०.२९० चा वर्ग केला की ०.०८४ येतो. म्हणजे मदतनीस टी-पेशी असण्या-नसण्यातल्या फरकापैकी साधारण ८ टक्के भाग कॉर्टिसॉलच्या अतिरेकाशी जुळतो. उरलेला ९२ टक्के कुठे जातो?

इथे एक छोटी युक्ती सांगते, मुलाखतीत कामी येईल. दोन-बाय-दोन तक्त्यात फायचा वर्ग गुणिले एकूण संख्या म्हणजे काय-स्क्वेअर. पी = ०.००९ साठी काय-स्क्वेअर सुमारे ६.८ असतो. ६.८ ला ०.०८४ ने भागा, उत्तर येतं साधारण ८१. चाचणी थोडी वेगळी वापरली असेल तर आकडा थोडा हलेल, पण अंदाज येतो : शीर्षस्थानी १४६ नमुने दिसले तरी हे विशिष्ट नातं ऐंशीच्या आसपास जणांवर उभं आहे. "सॅम्पल साइज कमी" म्हणण्यापेक्षा "या निष्कर्षामागचं सॅम्पल साधारण इतकं आहे" म्हणणं किती वेगळं वाटतं, बघा.

आता फाय −०.२९ दिसायला कसा असतो? समजण्यासाठी मी एक कल्पित तक्ता बनवते, पेपरमधला नाही. समजा ८० रुग्ण आहेत. ४८ जणांना कॉर्टिसॉलचा अतिरेक, ३२ जणांना नाही. अतिरेकवाल्यांपैकी ३० जणांच्या ट्यूमरमध्ये मदतनीस टी-पेशी आहेत, बाकीच्यांपैकी २९ जणांच्या. टक्केवारीत ६३ विरुद्ध ९१. याचा फाय साधारण −०.३१ येतो, म्हणजे पेपरमधल्या आकड्याच्या जवळपास. फरक नक्कीच आहे. पण हेही दिसतं की असा फाय असतानाही कॉर्टिसॉल भरपूर असलेल्या निम्म्याहून अधिक ट्यूमरमध्ये या पेशी हजर असू शकतात. "कॉर्टिसॉल टी-पेशींना हाकलून लावतं" हे वाक्य या चित्राला शोभत नाही. "थोडी कमी शक्यता" एवढंच शोभतं.

दुसरा प्रश्न : कोणत्या पेशी, आणि निष्कर्षात कोणत्या?

सारांशात उलटं नातं दिलंय ते मदतनीस टी-पेशींचं. निष्कर्षात मात्र शब्द येतो 'टी-पेशींचा ऱ्हास', म्हणजे सरसकट. ही बारीकशी उडी आहे. चेकपॉइंट औषधांच्या चर्चेत मुख्य पात्र सहसा मारक सीडी८ पेशी असतात. कॉर्टिसॉलचं नातं सीडी४ शी दिसलं आणि उपचाराचा तर्क मात्र सगळ्या टी-पेशींवर बांधला, तर मधली पायरी कोणीतरी दाखवायला हवी. ती पायरी असूही शकते, कारण मदतनीस पेशींशिवाय मारक पेशी नीट कामाला लागत नाहीत. पण 'असू शकते' आणि 'दाखवली' यांत फरक आहे.

दुसरं म्हणजे 'ऱ्हास' या शब्दात काळ दडलेला आहे. आधी होत्या, मग गेल्या. इथे मात्र प्रत्येक नमुना एका क्षणाचा फोटो आहे. फोटोत खुर्ची रिकामी दिसली, तर माणूस उठून गेला की कधी आलाच नव्हता, हे फोटो सांगू शकत नाही. नकळत घुसणारी अशी क्रियापदं पेपर वाचताना पेन्सिलने अधोरेखित करत जा. ऱ्हास होणं, दाबणं, घडवून आणणं, रोखणं : ही सगळी कार्यकारणाची क्रियापदं आहेत. त्यांच्यामागे प्रयोग आहे का, हे प्रत्येक वेळी विचारायचं.

तिसरा प्रश्न : दोनच कोपरे का?

२७ महिने विरुद्ध १२१ महिने. हा आकडा एकदा वाचला की विसरत नाही, आणि पुढे व्याख्यानांच्या स्लाइडवर हाच जातो. पण विचार करा, दोन गोष्टी (अतिरेक आहे/नाही, टी-पेशी आहेत/नाहीत) म्हणजे गट चार होतात. सारांशात तुलना आहे ती दोन टोकांच्या कोपऱ्यांची : सगळं वाईट विरुद्ध सगळं चांगलं. दोन्ही गोष्टी अगदी स्वतंत्रपणे वाईट असत्या, एकमेकांशी त्यांचा काही संबंध नसता, तरी या दोन कोपऱ्यांत मोठाच फरक दिसला असता. उदाहरणार्थ, धूम्रपान करणारे आणि हेल्मेट न घालणारे एका बाजूला, दोन्ही न करणारे दुसऱ्या बाजूला ठेवा. आयुर्मानात फरक येईलच. म्हणून सिगारेट आणि हेल्मेट यांचं काही 'परस्परनातं' आहे असं कोणी म्हणणार नाही.

म्हणून असा पेपर हातात आला की पूर्ण लेखातल्या आकृत्यांत मधले दोन कोपरे शोधा. अतिरेक आहे पण टी-पेशीही आहेत, त्यांचं काय झालं? अतिरेक नाही पण टी-पेशीही नाहीत, त्यांचं काय? आणि परस्परक्रियेची वेगळी संख्याशास्त्रीय चाचणी केली आहे का?

याला जोडून आणखी एक. कॉर्टिसॉलचा अतिरेक माणसाला टी-पेशींशिवायही मारू शकतो. रक्तदाब, मधुमेह, हाडं ठिसूळ होणं, रक्तात गुठळ्या, गंभीर जंतुसंसर्ग. म्हणजे कमी आयुष्याचा काही भाग ट्यूमरमधल्या रोगप्रतिकाराशी संबंधित नसून थेट हार्मोनच्या त्रासाचा असणार. इथे एक गैरसमज नको : मी कॉर्टिसॉल कमी करू नये असं म्हणत नाहीये. रुग्णासाठी ते कमी करायलाच हवं, कारण वरची यादी पुरेशी आहे. मुद्दा इतकाच की त्याने रुग्ण जास्त जगला, तर ते टी-पेशींमुळे असं आपोआप सिद्ध होत नाही.

चौथा प्रश्न : मागे तिसरा कोणी आहे का?

दोन गोष्टी एकत्र हलताना दिसल्या की तिसरा सूत्रधार शोधायचा, हे आपण बी.एस्सी.पासून ऐकतो. इथे संशयित खरंच आहे. एसीसीत डब्ल्यूएनटी/बीटा-कॅटेनिन हा संदेशमार्ग वारंवार बिघडलेला असतो. २०१४ च्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात या मार्गाला आवर घालणारं झेडएनआरएफ३ हे जनुक २१ टक्के ट्यूमरमध्ये बिघडलेलं सापडलं. आणि २०१५ मध्ये मेलानोमात दाखवलं गेलं की बीटा-कॅटेनिन सक्रिय असलेले ट्यूमर टी-पेशींना आत येऊच देत नाहीत. मेलानोमा काही कॉर्टिसॉलचा कारखाना नाही. म्हणजे कॉर्टिसॉलशिवायही ट्यूमर 'थंड' राहू शकतो. मग एसीसीत जे आक्रमक ट्यूमर कॉर्टिसॉलही बनवतात आणि थंडही असतात, त्यांच्यात कॉर्टिसॉल हे कारण आहे की सोबती?

उलटा बाणही तपासू. रोगप्रतिकार पेशींची आयएल-६ सारखी रसायनं अ‍ॅड्रिनलला जास्त कॉर्टिसॉल बनवायला लावतात. पण त्यामुळे 'जास्त दाह, जास्त कॉर्टिसॉल' असं सरळ नातं दिसलं असतं, पेपरमध्ये तर उलटं आहे. म्हणजे हा बाण निष्कर्ष खोडत नाही. झालाच तर खरा परिणाम थोडा झाकतो. चिकित्सा करताना पेपरच्या बाजूने जाणारा मुद्दाही प्रामाणिकपणे मांडायचा असतो, नाहीतर ती चिकित्सा न राहता वकिली होते.

या गोष्टीला आधार म्हणून बरेच जण टीसीजीएचा आरएनए डेटा दाखवतात : ज्या ट्यूमरमध्ये स्टेरॉइड बनवणारी जनुकं जोरात, तिथे रोगप्रतिकाराच्या खुणा कमी. इथे एक अगदी शाळकरी गणिताचा सापळा आहे. तो आरएनए ट्यूमरचा तुकडा वाटून काढलेला असतो, सगळ्या पेशींचा एकत्र. समजा दोन ट्यूमर आहेत. दोन्हींत प्रत्येक कर्कपेशी सारखंच स्टेरॉइड-आरएनए बनवते, १०० एकक. पहिल्यात रोगप्रतिकार पेशी १० टक्के, दुसऱ्यात ४० टक्के. मिश्रणात पहिल्याचा सिग्नल ९०, दुसऱ्याचा ६०. झालं, "रोगप्रतिकार जास्त तिथे स्टेरॉइड कमी" असा शोध लागला! प्रत्यक्षात कर्कपेशी तसूभरही बदललेली नाही. दुधात पाणी घातलं की साय कमी दिसते, तसंच. लांडवेअर यांचा अभ्यास या सापळ्यातून सुटतो, कारण त्यांनी अतिरेक रुग्णाच्या वैद्यकीय माहितीवरून ठरवला आणि पेशी प्रत्यक्ष मोजल्या. ही त्या पेपरची मोठी जमेची बाजू आहे. पण जे विद्यार्थी नुसत्या सार्वजनिक डेटावर प्रस्ताव लिहितात, त्यांनी ट्यूमरची शुद्धता हिशोबात धरल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आणखी एक शंका जागेबद्दल. अतिरेक ठरतो तो रुग्णाच्या पूर्ण शरीरासाठी, 'आहे' किंवा 'नाही' अशा दोनच कप्प्यांत. टी-पेशीला मात्र तिच्या शेजारी किती स्टेरॉइड आहे एवढंच कळतं. ऊतींमध्ये निष्क्रिय कॉर्टिसोनचं पुन्हा कॉर्टिसॉल करणारं एन्झाइम असतं. इतकंच कशाला, २०२० मध्येच उंदरांवरच्या एका कामात दिसलं की ट्यूमरमध्ये शिरलेल्या टी-पेशी स्वतःच स्टेरॉइड बनवू लागतात. तेव्हा रक्ताचा अहवाल आणि टी-पेशीचा अनुभव एकच असेल असं धरून चालता येत नाही.

मग औषधांच्या चाचण्यांनी काय सांगितलं?

दोन चाचण्या घेऊ. अ‍ॅव्हेलुमॅब या चेकपॉइंट औषधाची चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली : ५० रुग्ण, प्रतिसाद ६ टक्के. पेम्ब्रोलिझुमॅबची २०२० मध्ये : ३९ रुग्ण, प्रतिसाद २३ टक्के. "बघा, चौपट फरक!" पण विश्वास-अंतराल पाहा. पहिल्याचा साधारण १.३ ते १६.५, दुसऱ्याचा ११ ते ३९. दोन्ही एकमेकांवर थोडे चढतात. शिवाय औषधं वेगळी, रुग्ण वेगळे, आणि दोन्हींत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. अशा दोन आकड्यांमधला फरक कॉर्टिसॉलच्या नावावर टाकता येत नाही.

"मग कॉर्टिसॉल रोखून बघा ना!" हे सुचणं साहजिक आहे. इथे अंमलबजावणीत गंमत आहे. एसीसीचं जुनं औषध मायटोटेन, अमेरिकेत १९७० पासून मान्य, हे डीडीटी या कीटकनाशकाच्या कुळातलं. ते कॉर्टेक्सच्या पेशी मारतं आणि स्टेरॉइड निर्मिती घटवतं. पण निरोगी कॉर्टेक्सही मारलं जात असल्यामुळे रुग्णाला जगण्यासाठी हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या द्याव्या लागतात. हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे कॉर्टिसॉलच! वर मायटोटेन यकृतातलं सीवायपी३ए४ हे एन्झाइम वाढवतं, त्यामुळे गोळ्या लवकर निकामी होतात आणि डोस नेहमीपेक्षा जास्त लागतो. म्हणजे कागदावर 'कॉर्टिसॉल रोखलेला' रुग्ण प्रत्यक्षात कॉर्टिसॉल गिळत असतो. त्याच्या टी-पेशींच्या आसपास किती पोहोचतं, हे मोजल्याशिवाय त्याला कोणत्या गटात टाकणार?

म्हणून दुसरा मार्ग सुचला : हार्मोन राहू द्या, रिसेप्टर बंद करा. रेलाकोरिलँट हे रिसेप्टर अडवणारं औषध पेम्ब्रोलिझुमॅबसोबत, कॉर्टिसॉलचा अतिरेक असलेल्या एसीसी रुग्णांत द्यायची चाचणी याच तर्कावर आखली गेली. कल्पना चांगली आहे, कारण तिच्यात नुसतं निरीक्षण नाही, हस्तक्षेप आहे. पण नुसत्या संयोगाची चाचणी आणि 'संयोग विरुद्ध एकटं पेम्ब्रोलिझुमॅब' ही चाचणी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलीत चार रुग्ण सुधारले, तर श्रेय कोणाला द्यायचं?

दिवा फिरवला तर वेगळंच दिसतं

आता मघाचा मुद्दा : बायकांमध्ये एसीसी जास्त का? २०२२ मध्ये 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस'मध्ये विल्मथ आणि सहकाऱ्यांचा उंदरांवरचा पेपर आला. त्यांनी अ‍ॅड्रिनल कॉर्टेक्समधलं तेच झेडएनआरएफ३ जनुक बंद केलं. मादी उंदरांत १८ महिन्यांपर्यंत पसरणारे कर्करोग झाले. नरांत ग्रंथी आधी फुगली, पण नंतर ओसरली. कारण नरांत अँड्रोजेनच्या प्रभावाखाली पेशी वार्धक्यावस्थेत गेल्या आणि भक्षक पेशींनी, म्हणजे मॅक्रोफेजनी, त्या खाऊन टाकल्या. माद्यांत मॅक्रोफेज उशिरा आणि कमी आले.

ही गोष्ट किती वेगळी आहे! हार्मोन आहे, पण कॉर्टिसॉल नाही. रोगप्रतिकार पेशी आहेत, पण टी-पेशी मुख्य भूमिकेत नाहीत. आणि हार्मोन इथे रोगप्रतिकाराला दाबत नाही, मदतच करतं. वुर्ट्सबर्गच्या अभ्यासात मॅक्रोफेज रंगवलेच नव्हते, त्यामुळे ते दिसायचा प्रश्नच नव्हता. हा त्यांचा दोष नाही, पण वाचकाने लक्षात ठेवायची गोष्ट आहे : ज्या अँटिबॉडीची बाटली फ्रिजमध्ये होती, तेवढंच जग पेपरमध्ये दिसतं.

उंदरांच्या पेपरलाही सूट द्यायची नाही. प्रौढ उंदराच्या अ‍ॅड्रिनलमध्ये सीवायपी१७ हे एन्झाइम नसतं. म्हणून उंदीर कॉर्टिसॉलऐवजी कॉर्टिकोस्टेरॉन बनवतो आणि त्याची अ‍ॅड्रिनल माणसासारखी अँड्रोजेन बनवत नाही. माणसाचा एसीसी तर अनेकदा कॉर्टिसॉल आणि अँड्रोजेन दोन्ही बनवतो, बायकांमध्येसुद्धा. मग अशा रुग्ण बाईच्या ट्यूमरमध्ये कॉर्टिसॉल ब्रेक दाबतंय आणि अँड्रोजेन अ‍ॅक्सिलरेटर, असं काही होतं का? माझ्या मते या क्षेत्रातला हा खरा मोलाचा प्रश्न आहे, आणि 'अतिरेक : हो/नाही' या रकान्याने तो कधीच सुटणार नाही.

माझा निर्णय, आणि तुमचं काम

पेपर वाचावा का? नक्की वाचावा. "एसीसीत टी-पेशी असतात आणि त्या असणं रुग्णाच्या हिताचं आहे" हे त्याने नीट दाखवलं. "कॉर्टिसॉल आणि मदतनीस टी-पेशींचं सौम्य उलटं नातं आहे" हेही दाखवलं. "कॉर्टिसॉलमुळे इम्युनोथेरपी अपयशी ठरते" हे त्याने दाखवलेलं नाही, आणि खरं तर लेखकांनी तसा दावाही केलेला नाही. 'ठरू शकतं' आणि 'तपासायला हवं' हे त्यांचेच शब्द आहेत. गडबड पुढे होते. एक पेपर 'शकतं' लिहितो, त्याला उद्धृत करणारा आढावा लेख 'दिसून आलं आहे' लिहितो, आणि आपल्या प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदात ते 'सर्वज्ञात आहे' होऊन बसतं. प्रस्ताव लिहिताना प्रत्येक ठाम वाक्यासाठी मूळ पेपरपर्यंत मागे जा आणि तिथलं क्रियापद बघा. कंटाळवाणं काम आहे, पण त्या एका बाणावर तुमची पाच वर्षं उभी राहणार आहेत. आणि ज्या रुग्णाकडे कदाचित पाच वर्षं नाहीत, त्याला कोणती चाचणी द्यायची हेही अशाच बाणांवरून ठरतं.

मुलाखतीत पुढचा प्रश्न येईल : "मग तुम्ही काय केलं असतं?" माझं उत्तर तीन ओळींचं आहे. एक, त्याच ट्यूमरच्या कापांवर स्टेरॉइडचं प्रमाण आणि पेशींची जागा दोन्ही मोजायची, म्हणजे टी-पेशीच्या शेजारी किती कॉर्टिसॉल आहे ते कळेल. दोन, बीटा-कॅटेनिनची स्थिती सारखी असलेल्या ट्यूमरमध्येच कॉर्टिसॉलचा फरक तपासायचा. तीन, टी-पेशींमधलाच ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर काढलेल्या उंदरांत हा ट्यूमर वाढवून बघायचा. रिसेप्टर नसतानाही टी-पेशी आत आल्या नाहीत, तर कॉर्टिसॉलच्या थेट परिणामाची गोष्ट आपल्याला सोडून द्यावी लागेल.

तिसरी ओळ पुन्हा वाचा. आपली लाडकी कल्पना कोणत्या निकालाने खोटी ठरेल, हे आधी लिहून ठेवायचं. तुमच्या प्रस्तावात असं एक तरी वाक्य आहे का? नसेल तर आज रात्री तेवढंच लिहा. बाकीचं साहित्य-सर्वेक्षण उद्या.